बारा फ्रेमची मोटारसायकल

दुकानात न चालणाऱ्या फाइली येतात, त्यांतल्या निम्म्या सीसीटीव्हीच्या. लग्नाच्या जुन्या व्हीसीडीतली डॅट, बंद पडलेल्या हँडीकॅमची मॉड, नोकियाच्या कार्डातली थ्रीजीपी ही सगळी गरीब जात. आत व्हिडिओ दाबून ठेवायची ओळखीचीच पद्धत असते, एमपेग नाहीतर एच 263; व्हीएलसी प्लेअरमध्ये टाकलं की काम झालं. डीव्हीआरचं, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं, तसं नाही. कंपनीगणिक वेगळं एक्स्टेन्शन, आणि पेनड्राइव्हवर सोबत एक प्लेअर येतो तो विंडोज एक्सपीच्या जमान्यातला. अँटिव्हायरस त्याला उघडूच देत नाही.

त्या दिवशीचे काका मात्र चालणारा व्हिडिओ घेऊन आले होते. त्यांचा पुतण्या मिरजेला दवाखान्यात, मांडीचं हाड मोडलेलं. बोळातून टेम्पो बाहेर आला आणि हा त्यावर आदळला. समोरच्या हार्डवेअरवाल्याच्या कॅमेऱ्यात सगळं आलेलं. काकांनी मोबाइल पुढे धरला. मोटारसायकल अशी येते की बघणारा म्हणणारच, पोराचीच चूक. गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवरही तेच म्हणत होते.

"दादा, आमचं पोरगं एवढं जोरात हाणत न्हाई ओ."

हे प्रत्येक घरचा माणूस म्हणतो, त्यामुळे त्या वाक्यावर मी गेलो नाही. माझी नजर मागच्या पानटपरीवर होती. तिथली माणसं मूकपटातल्यासारखी तुरुतुरु चालत होती. पानवाल्याचा हात चुन्याच्या डबीकडे जाऊन परत येतो, तोही झटक्यात. पोरगा घाईत असेल, पण अख्खी टपरी कशी घाईत असेल?

म्हटलं, काका, मूळ फाइल आणा. व्हॉट्सअपवरची नको, हार्डवेअरवाल्याने पेनड्राइव्हवर दिलेली.

फाइल होती .264. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली तर सुरुवातीलाच 00 00 00 01 आणि पाठोपाठ 67. म्हणजे नुसता उघडा एच 264 प्रवाह, भोवती डबा नाही. एमपी4 किंवा एव्हीआय हा डबा असतो. कोणती फ्रेम, म्हणजे कोणतं चित्र, कधी दाखवायची ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. उघड्या प्रवाहात चित्रं एकामागोमाग असतात, पण वेळ लिहिलेली असेलच असं नाही. या फाइलीत नव्हती. अशा वेळी प्लेअर आणि कन्व्हर्टर गुपचूप सेकंदाला 25 फ्रेम धरून चालतात. डीव्हीआर बसवणाऱ्याने मात्र हार्डडिस्क जास्त दिवस पुरावी म्हणून 12 वर सेटिंग ठेवलेलं. हे सगळेच करतात. गिऱ्हाइकाला सांगत कोणी नाही, आणि गिऱ्हाईकही 'किती दिवसांचं राहतं' एवढंच विचारतं.

12 च्या फ्रेम 25 ने पळवल्या की सगळं दुपटीहून थोडं जास्त जोरात दिसतं. सुदैवाने चित्राच्या कोपऱ्यात घड्याळ छापलेलं होतं. मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. चित्रातलं घड्याळ 30 सेकंद पुढे जाईपर्यंत माझ्याकडे साडेचौदाही झाले नव्हते. मग व्हीएलसीत 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे नेली आणि काकांनाच मोजायला लावलं. घड्याळाचा आकडा बदलेपर्यंत बारा. पुढच्या सेकंदाला परत बारा. काकांनी खिशातून पेन काढून तळहातावर लिहून घेतलं.

एफएफएमपेग या कन्व्हर्टरला इनपुटच्या आधी फ्रेमरेट 12 सांगितला, प्रवाहाला हात न लावता त्याचा एमपी4 केला. आता पानवाला माणसासारखा चुना लावत होता. मोटारसायकल येते, टेम्पोचं तोंड बाहेर येतं, पोरगा ब्रेक मारतो. हो, ब्रेक मारतो. मागचा लाल दिवा लागलेला दिसतो. जोरातल्या व्हिडिओत तो इतक्यात निघून जातो की कोणाच्या डोळ्यांत भरतच नाही.

हे पहिल्यांदा ज्याने कन्व्हर्ट केलं त्या मोबाइलवाल्याला मी फोन केला. तो म्हणाला, "चालतंय न्हवं? मग झालं की." आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांचं शिक्षण इथेच संपतं.

काकांचा पुढचा प्रश्न सरळ होता: मग ताशी किती? ते मी सांगितलं नाही. ताशी 60 ची गाडी अशा दोन फ्रेमांच्या मध्ये जवळजवळ 1.4 मीटर जाते. त्यातून कॅमेरा तिरका आणि रात्रीचं चित्र पुसट. अंतर मोजून वेग काढणं हे फॉरेन्सिकवाल्यांचं काम. फ्रेम किती ते मी सांगू शकतो, त्यापुढे नाही.

संध्याकाळी त्यांचे वकील आले. 2014 च्या जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात, व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचा तर सोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2020 मध्ये ते बंधनकारकच ठरलं, हे त्यांना तोंडपाठ होतं. आता 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश, म्हणजे फाइलीचा जणू बोटाचा ठसा, लिहायची जागाच आहे. मी मूळ .264 चा शा-256 हॅश काढून दिला आणि बजावलं की पेनड्राइव्ह आता कोणी कुठे लावू नका, माझा एमपी4 फक्त बघण्यापुरता. डीव्हीआरमधलं मूळ रेकॉर्डिंग तोवर पुसलं गेलं होतं. डिस्क भरली की तो जुन्यावरच नवं लिहितो. हवालदारांनी तो उचलून न्यायला हवा होता, पण ते पेनड्राइव्हवर खूश.

वकील गेल्यावर काकांनी नवा एमपी4 गावच्या त्याच ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर पाच मिनिटांत आलं: "स्लो करून टाकलाय, आम्हाला काय कळत नाय का?" खाली हसण्याचे चेहरे.

मी घड्याळाभोवती लाल गोल काढून दोन फोटो पाठवले, सेकंद मोजून बघा म्हणून लिहिलं. त्यावर टेम्पोवाल्याच्या मेव्हण्याचा अंगठा आला. कशाला दिला कोण जाणे.