मादी शंखाला शिश्न फुटतं तेव्हा

जहाजाच्या बुडाला बार्नॅकल, म्हणजे कवचाचे छोटे समुद्री जीव, चिकटू नयेत म्हणून 1960च्या दशकापासून रंगात ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी, घालू लागले. लिटरमागे 1 नॅनोग्रॅमच्या आसपास टीबीटी असलं तरी डॉगव्हेल्क जातीच्या समुद्री शंखाच्या (गोगलगायीच्या) मादीला शिश्न फुटू लागतं. 25 लाख लिटरच्या तरणतलावात अडीच मिलिग्रॅम, एवढंच हे प्रमाण! प्राणी मरत नाही, त्यामुळे विषबाधेच्या साध्या चाचणीत काही दिसतही नाही. टीबीटी पेशीतल्या आरएक्सआर नावाच्या ग्राहीला, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि मादीत नराचे अवयव घडू लागतात. पुढे शुक्रवाहिनीची ऊती वाढून जननद्वार बुजतं, अंड्यांच्या कुप्या आतच अडकतात. या जातीची पिल्लं कुपीतून निघून तिथल्याच खडकावर सरपटतात, प्रवाहाबरोबर दुसरीकडून येत नाहीत. म्हणून एकदा माद्या वांझ झाल्या की खडक ओस पडतो.

आपल्याकडे गोव्याच्या मुरगाव बंदरातल्या क्रोनिया कोंकणेन्सिस या शंखात हाच विकार आढळल्याची नोंद 1999 मध्ये प्रसिद्ध झाली. नावातच कोकण!

तपासायचं कसं? एका जागेचे 30-40 पूर्ण वाढलेले शंख घ्या. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात सुमारे 70 ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवून त्यात ते सैल पडेपर्यंत ठेवा. ही पायरी गाळली तर अंग आखडतं आणि शिश्न आखूड मोजलं जातं. मादी आणि नराच्या शिश्नाच्या सरासरी लांबीच्या घनांचं गुणोत्तर हा विकाराचा निर्देशांक असतो, त्यामुळे मादीच्या शिश्नाची लांबी 10 टक्क्यांनी कमी भरली तर निर्देशांक 27 टक्क्यांनी घसरतो. मग शेगड्यात (व्हाइसमध्ये) कवच हलकेच तडकवा आणि उजव्या स्पर्शिकेच्या मागे पाहा. शिश्न दिसलं म्हणून नर ठरवू नका. कुपीग्रंथी, म्हणजे अंड्यांच्या कुप्या बनवणारी ग्रंथी, असेल तर ती मादीच. परजीवी कृमींनी पोखरलेले शंख बाजूला काढा, त्यांचे अवयव आधीच खुरटलेले असतात.

माणसाचं काय? गाभण उंदरांना टीबीटी दिल्यावर पिल्लांत चरबी वाढलेली दिसली. माणसांबाबत तेवढं ठामपणे बोलता येत नाही, आणि शंखाचा निकाल आपल्यावर जसाच्या तसा लावणंही चूक.

जहाजांच्या रंगातल्या टीबीटीवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार 17 सप्टेंबर 2008 पासून लागू आहे. पण प्राणवायू नसलेल्या गाळात टीबीटी वर्षानुवर्षं टिकतं आणि ड्रेजिंगने, म्हणजे तळाचा गाळ उपसताना, तो ढवळला की पुन्हा पाण्यात येतं. बंदरात ड्रेजिंग होणार असेल तर त्याआधीच एकदा शंख मोजून ठेवावेत, नंतरच्या मोजणीची तुलना करायला तेच आकडे लागतात.