तीन डोळ्यांचा मासा

परवा दुपारी ताटात सुरमईची तुकडी होती आणि समोर पडद्यावर ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी व्यंगचित्र मालिकेतला तीन डोळ्यांचा मासा. हा भाग 1990 च्या नोव्हेंबरमधला. मालिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या अणुवीज केंद्राजवळच्या पाण्यात सिम्प्सन कुटुंबातल्या बार्ट या पोराच्या गळाला तो मासा लागतो, बातमी छापून येते आणि सरकारी तपासनीस केंद्रात येऊन धडकतात. आत पाहावे तर मनोऱ्याची भेग च्युइंगगमने बुजवलेली आणि प्लुटोनियमची कांडी कागद उडू नयेत म्हणून वर ठेवलेली! दुरुस्तीला 5 कोटी 60 लाख डॉलर लागणार असतात. तपासनीस लाच घेत नाहीत, तेव्हा केंद्राचे मालक बर्न्स राज्याच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला उभे राहतात, कारण सुरक्षित कशाला म्हणायचे हे मग त्यांनाच ठरवता येणार असते.

माझी आजी बाजारात आधी माशाचा डोळा पाही, मग कल्ला उचलून आतला लाल रंग तपासी. कोळीण कितीही गोड बोलली तरी या दोन गोष्टी झाल्याशिवाय कनवटीचे पैसे सुटत नसत. बर्न्स मात्र दूरचित्रवाणीवर मासा शेजारी ठेवून, चार्ल्स डार्विनच्या वेशातल्या नटाकडून वदवून घेतात की तिसरा डोळा ही निसर्गाने केलेली सुधारणा आहे. लोकांना ते पटते. प्रदूषणाची थट्टा कोणीही करील. पटवून घ्यायला उत्सुक असलेल्या मतदाराची थट्टा करायला अधिक धैर्य लागते, असे मला वाटते.

मतदानाच्या आदल्या रात्री बर्न्स कॅमेऱ्यांसह सिम्प्सन्सकडे जेवायला येतात. बार्टच्या बहिणीने, लिसाने, काय विचारायचे तेही त्यांच्या माणसांनी लिहून दिलेले असते: साहेब, आपण इतके लोकप्रिय कसे? ती पोर ते निमूटपणे म्हणून दाखवते, आणि मला त्या प्रसंगात सर्वांत झोंबते ते हेच. मुलांची आई मार्ज वाद घालत नाही. ती तोच मासा शिजवून पाहुण्यांना वाढते. बर्न्सना घास गिळवत नाही, तो थुंकल्याचे सारे राज्य पाहते आणि निवडणूक हातची जाते.

त्या 5 कोटी 60 लाखांचा विषय मग कोणी काढत नाही. केंद्रातच नोकरीला असलेला बार्टचा बाप होमर पुन्हा तिथेच कामाला जातो आणि मालिकेच्या सुरुवातीच्या चित्रांत सुटीचा भोंगा झाला की सदऱ्यात अडकलेली चमकती कांडी चालत्या गाडीतून रस्त्यावर भिरकावून देतो.