आतून का बाहेरून?

सकाळी साडेसातला डबा हातात देताना बायको हाच प्रश्न विचारते. आतून म्हणजे सोलापूर शहरातून, बाहेरून म्हणजे केगाव-हत्तूर बायपासने. तिला माझ्या रस्त्याची काळजी असते असं नाही. आतून म्हटलं की खिशात एक चिठ्ठी पडते: शेंगाचटणी पाव किलो, शिंप्याकडून ब्लाऊज, चष्म्याच्या दुकानात विचारून ये. बाहेरून म्हटलं की चिठ्ठी नाही, कारण बाहेर दुकानच नाही. सुरुवातीला काही महिने मी रोज "बाहेरून" म्हणत होतो, त्यात या चिठ्ठीचाही थोडा हात होता. आता कबूल करायला हरकत नाही.

मी राहतो सैफुलला, विजापूर रोडला. विजापूरचं विजयपूर झालं तरी आमचा रोड विजापूर रोडच. नोकरी चिंचोळी एमआयडीसीत, पुणे रोडला. म्हणजे घर शहराच्या दक्षिणेला, पोट वायव्येला आणि मधे अख्खं सोलापूर. सैफुल, आयटीआय, संभाजी तलाव, विजापूर नाका, पत्रकार भवन, सात रस्ता, मोदी, भय्या चौक, मरीआई चौक, जुना पुणे नाका, आणि मग कुठे केगावच्या पुढे गाडीला तिचा तिसऱ्याच्या वरचा गियर आठवायचा. तेवीस किलोमीटरला पंचावन्न मिनिटं. सोमवारी एक तास.

बाहेरच्यांना हे कळत नाही की एवढ्याशा गावात एवढी गर्दी कसली. अहो, गर्दी आमची नव्हतीच. विजापूरचा रस्ता म्हणजे पूर्वीचा तेरा नंबर, सोलापूरला सुरू होऊन मंगळूरला जाणारा. 2010 साली हायवेचे नंबर बदलले आणि त्याचा सोलापूर-विजापूर तुकडा 52 मध्ये गेला. हा 52 पंजाबातल्या संगरूरहून निघतो आणि कर्नाटकात अंकोल्याला समुद्राजवळ संपतो. पुणे-हैदराबादचा नऊ नंबर 65 झाला, तो पार मच्छलीपट्टणमला जातो. शिवाय रत्नागिरी-कोल्हापूरहून मंगळवेढ्यावरून येणारा 166. हे सगळे आमच्या गावात येऊन एकमेकांना भेटणार. संगरूरच्या ट्रकला अंकोल्याला जायचंय, आणि त्यासाठी त्याने सात रस्त्यावर माझ्या वॅगनआरच्या आरशाला घासून जायचं! दिवसा जड गाड्यांना शहरात बंदीच्या वेळा असायच्या. त्याने एवढंच व्हायचं की बंदी उठली की नाक्यावर थांबलेली रांग एकदम सुटायची. मी घरी येताना नेमका त्या रांगेच्या पोटात सापडायचो. पुढे सोळा चाकी, मागे टँकर, डावीकडे रिक्षा, आणि मी हाफ क्लचवर. तीन वर्षांत दोन क्लचप्लेटा घातल्या. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, गाडी चालवताय का क्लचवर उभे राहताय?"

तर बायपास सुरू झाला. केगावजवळ पुणे रोड सोडायचा, शहराच्या पश्चिमेकडून वळसा घालून देगावच्या बाजूला मंगळवेढा रस्ता ओलांडायचा आणि हत्तूरजवळ विजापूर रोडला लागायचं. साधारण 21 किलोमीटर, चारपदरी. पहिल्या दिवशी मी सैफुलहून उलट दिशेला, म्हणजे विजापूरकडे, गाडी वळवली तेव्हा शेजारचे अण्णा गेटवरून ओरडले, "कंपनी सोडलाव काय? कुठं चाललाव?" उत्तरेला जायला दक्षिणेला निघालो होतो. माझं मलाही कसंतरीच वाटत होतं.

चाळीस मिनिटांत पोचलो. पहिला आठवडा मी हे सगळ्यांना सांगत फिरलो.

मग गाडीने आपली खरी प्रकृती सांगायला सुरुवात केली. ऐंशीला पोचलो की स्टिअरिंग थरथरायचं. ऐंशीच्या खाली काही नाही, ऐंशी ते नव्वदमध्ये हातात जणू पिठाची चक्की. हत्तूरच्या टायरवाल्याने चाकं मशीनवर चढवली, पुढच्या दोन्ही चाकांना शिशाचे तुकडे ठोकले आणि थरथर गेली. व्हील बॅलन्सिंग बहुतेक कित्येक महिन्यांपासून गेलेलं होतं. शहरात गाडी पन्नासच्या वर कधी गेलीच नाही, तर कळणार कसं? त्याच माणसाने टायरची हवा बघितली आणि मान हलवली. हवा कमी असली की टायरच्या बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, त्याने आतून तापते. शहरात दोन चौकांच्या मधे त्याला गार व्हायला वेळ मिळतो. बायपासवर वीस मिनिटं एका दमात पळवल्यावर मिळत नाही, आणि मे महिन्यात सोलापूरची सडक काय असते ते सोलापूरकराला सांगायला नको. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी, गाडी गार असताना, हवा बघतो. अकरा वर्षं गाडी चालवतोय, हे पहिल्यांदा.

दुसरी गोष्ट बायकोने दाखवली. मे संपत आला तेव्हा जेवताना म्हणाली, "तुमचे दोन हात दोन माणसांचे दिसतायत." खरंच की! उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत काळा ठिक्कर आणि डावा जसा होता तसा. मला आधी वाटलं काही झालंय. मग लक्षात आलं. सकाळी मी बायपासवर दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो, सूर्य पूर्वेला, म्हणजे उजव्या खिडकीत. संध्याकाळी उत्तरेकडून दक्षिणेकडे येतो, सूर्य पश्चिमेला, म्हणजे परत उजव्याच खिडकीत. आणि आपल्याकडे ड्रायव्हर बसतो उजवीकडे. शहरात इमारती, झाडं आणि ट्रकांची सावली असायची. बायपासला सावली नावालाही नाही, दोन्ही बाजूला ज्वारीची नाहीतर तुरीची रानं आणि वर आकाश.

मग मी हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. बाहेरून गेलो की 38 किलोमीटर. आतून 23. शहरात गाडी लिटरला तेराच्या आसपास द्यायची, बायपासला एकोणीस. कानाला छान वाटतं, पण जाऊन-येऊन 76 ला एकोणीसने भागा, चार लिटर. 46 ला तेराने भागा, साडेतीन. म्हणजे अ‍ॅव्हरेज वाढून पेट्रोल रोज अर्धा लिटर जास्तच जळत होतं. मी गडद जांभळ्या पेनाने डायरीत हे आकडे लिहिले आणि बायकोला दाखवले नाहीत.

तरीही गेलो. कारण ट्रक-टँकरच्या मधे अडकून बसण्यापेक्षा अर्धा लिटर परवडला, असं मला वाटत होतं. मोकळ्या रस्त्याची चटक लागते. चौथ्या-पाचव्या गियरमध्ये डावा पाय बाजूला ठेवून बसायचं सुख ज्याने वर्षानुवर्षं क्लच दाबलाय त्यालाच कळेल.

पण मोकळा रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता, हा समज डिसेंबरात गेला. संध्याकाळचे पावणेसात, अंधार झालेला. बायपासला दिवे नाहीत, म्हणून अप्पर लावून चाललो होतो. समोरून गाडी आली म्हणून डिपर केला. थंडी होती, एसी बंद, खिडकी अर्धी उघडी. आणि मला गाणं ऐकू आलं. मोठ्या आवाजात, धडधड बेसवालं. माझ्या गाडीत टेप बंद होता. एक सेकंद गेला, मग पुढे काळोखाचा एक तुकडा इतर काळोखापेक्षा जास्त काळा दिसला. ब्रेकवर उभा राहिलो. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागे ऊस खाली लोंबतोय, त्यात नंबरप्लेटही झाकलेली, लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. वेग वीस असेल. माझा सत्तर होता. खिडकी बंद असती आणि त्या पोराला गाण्याची आवड नसती, तर हे लिहायला मी नसतो. त्याला ओलांडताना शिवी द्यायला तोंड उघडलं तर तो अठरा-एकोणीस वर्षांचा, मफलर गुंडाळलेला, हसून त्याने हात केला. शिवी गिळली.

शहरात असली ट्रॉली रोज भेटायची. पण तिथे माझाही वेग वीसच असायचा.

राँग साईडचं तर विचारूच नका. दुभाजकाला मोकळी जागा एक-दीड किलोमीटरवर, आणि माणसाचं रान रस्त्याच्या पलीकडे. तो काय वळसा घालून येणार? मोटरसायकलवर मागे चाऱ्याचा भारा, समोरून शांतपणे येतो, वर आपल्यालाच डिपर मारतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, हे मला माहीत आहे, आणि तरीही चिडतो. ट्रकवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. चार पदर दिलेत तर उजवा पदर आपल्या सासऱ्याने आंदण दिलाय असं समजून त्यातून चाळीसने जातात. पास मागून मागून शेवटी डावीकडून काढावी लागते.

आता स्टोअरमधल्या काकांचं सांगतो. काका भय्या चौकात उभे राहायचे, डब्याची पिशवी आणि छत्री, बारा महिने छत्री. सहा वर्षं मी त्यांना सकाळी घ्यायचो. (येताना ते कंपनीच्या बसने यायचे, त्यांची शिफ्ट चारला सुटते.) बायपास सुरू झाला तेव्हा मी त्यांना म्हणालो, "काका, काही दिवस बाहेरून जाऊन बघतो." काका म्हणाले, "बघा की." एवढंच. नंतर कंपनीत भेटले की म्हणायचे, "काय मालक, हायवेवाले!" आणि हसायचे. बसने यायला त्यांना सकाळी सव्वासहाला घराबाहेर पडावं लागत होतं, हे मला त्यांच्या मुलाकडून कळलं, तेही योगायोगाने.

फेब्रुवारीत एका सकाळी मी आतून गेलो. ट्रॉलीचं निमित्त होतं, काकांचं होतं, आणि खरं सांगायचं तर गाडीच्या डाव्या आरशाची काच आणायची होती. सैफुलहून निघालो, विजापूर नाक्यापर्यंत आलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. संभाजी तलाव दिसला होता! म्हणजे कडेला पाणी, त्यात कमळाची पानं, एक बगळा. तो तलाव तिथे कायमच होता. पण इतकी वर्षं माझ्या आणि त्याच्या मधे ट्रकच असायचा, मला फक्त ताडपत्री आणि "हॉर्न ओके प्लीज" दिसायचं. सात रस्ता दोन सिग्नलमध्ये पार. भय्या चौकात काका छत्रीसकट उभे, मी रात्री फोन केला होता. चिंचोळीच्या गेटवर घड्याळ बघितलं: त्रेचाळीस मिनिटं.

बायपासपेक्षा तीन मिनिटं जास्त. पंधरा किलोमीटर कमी.

एवढे महिने मी त्या ट्रकांच्या मागे मागे बायपासला गेलो होतो. ते गावाबाहेर गेले, तर मी पण त्यांच्याबरोबर गेलो. रस्ता बांधला होता त्यांच्यासाठी, मोकळा झाला होता माझा, आणि मी त्या मोकळ्या रस्त्यावर नव्हतो. शहरात आता गाडी लिटरला साडेचौदा देते. क्लच अजून तोच आहे, वर्ष होत आलं.

अर्थात सगळ्यांचंच भलं झालं असं नाही. सोरेगावच्या अलीकडे लिंबाच्या झाडाखाली एक मावशी चहा करायच्या. कर्नाटकातले ड्रायव्हर थांबायचे, मावशी कानडीत "बन्नी, बन्नी" करून त्यांना बोलवायच्या, आणि मला मराठीत दरडावायच्या, "सुट्टे द्या." परवा थांबलो तर पातेलं लहान झालेलं. म्हटलं, "मावशी, गर्दी?" तर म्हणाल्या, "लॉऱ्या गेल्या की तिकडं." मुलाने हत्तूरजवळ गाडा टाकलाय, तिथे बरा धंदा होतो, पण मावशींना तिथे करमत नाही, सावली नाही म्हणतात. मी उजवा हात पुढे करून दाखवला. त्यांना काही कळलं नाही, चहाचा ग्लास त्याच हातात दिला.

तर सध्या असं ठरलंय: सकाळी आतून, काकांना घेऊन. संध्याकाळी उजेड असेल तर बाहेरून, एकटा, खिडकी उघडी टाकून. उसाच्या हंगामात संध्याकाळी बाहेरून अजिबात नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत शहरातले रस्ते वळवतात, तेव्हा दोन्ही वेळा बाहेरून, आणि काकांनी तेव्हा रजाच टाकायची असते, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला.

बायकोला अजून हे वेळापत्रक सांगितलेलं नाही. सकाळी आतून जातोय हे कळलं तर चिठ्ठी येणार. "दुकानं साडेसातला उघडत नाहीत" हे उत्तर तयार ठेवलंय, पण ती म्हणेल, "मग येताना पण आतूनच या."