घुशीने खळं पोखरलंय
गेले पंधरा दिवस सकाळी उठलं की खळ्यात मातीचा नवा ढीग, अळवाचे कांदे अर्धवट कुरतडलेले आणि काल तर तुळशीवृंदावनाच्या पायाशीच भोक. बाबा म्हणाले पाणी ओत. आठ कळश्या ओतल्या आज, पाणी आत गेलं आणि बाहेर आलं थेट माडाच्या आळ्यात, म्हणजे बाईसाहेबांनी मागचं दार पण काढून ठेवलंय!! औषध ठेवायचं नाही असं आईने बजावलंय, घरात मांजर आहे ना. मग शेजारच्या काकांचा पिंजरा आणला, आत सुका बोंबील भाजून लावला, तर वासाने आधी मांजरच येऊन बसलं. काका म्हणाले, घूस नव्या वस्तूला बिचकते, चार दिवस दार बांधून उघडंच ठेव, खाऊन जाऊ दे, मग लाव. म्हणजे आता मी घुशीला बोंबील पार्टी द्यायची. बाय द वे, घुशीचा इंग्रजीतला बँडिकूट शब्द तेलुगू पंदिकोक्कुवरून गेलाय, म्हणजे डुक्कर-उंदीर, आणि रात्री ती खरंच तशी गुरगुरते. माती मात्र हातमोजे घालूनच ओढली, लेप्टोची भीती, उंदीर-घुशींच्या मुतातून होणारा ताप. आत्ता खिडकीतून टॉर्च मारला, बोंबील गायब. मांजर पायरीवर झोपलंय.