क्रिलच्या आधी गोळी : हतनूरच्या पाण्यात इको साउंडरचं कॅलिब्रेशन

इको साउंडर म्हणजे पाण्यात आवाज सोडून परतणारा प्रतिध्वनी मोजणारं यंत्र. त्याचा गेन, म्हणजे संवेदनशीलतेचा आकडा, अर्ध्या डेसिबलने कमी धरला गेला, की आवाज जाताना अर्धा आणि परतताना अर्धा मिळून एक डेसिबल होतो आणि क्रिलचा, म्हणजे कोळंबीसारख्या छोट्या समुद्री जीवांचा, साठा २६ टक्के जास्त दिसतो. म्हणून अंटार्क्टिकाच्या कामाआधी कॅलिब्रेशनचा, म्हणजे ज्याचा प्रतिध्वनी ठाऊक आहे अशा गोळीवर यंत्र जुळवून घेण्याचा, हात बसवायला आम्ही तापीवरचं हतनूर धरलं. पावसाळा सरून धरण भरलं की परवानगी काढायची आणि भोई मंडळींची नाव ठरवायची. नावेला पुढून-मागून दोन नांगर हवेतच. एकावर ती घड्याळाच्या काट्यासारखी फिरत राहते.

काम पहाटे उरकावं. ऊन चढलं की वारा सुटतो.

टंगस्टन कार्बाइडची ३८.१ मिलिमीटर व्यासाची गोळी दिसायला लिंबाएवढी, पण वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या वर. तीन बांबूंवरून तीन बारीक नायलॉन दोऱ्या आणून ती ट्रान्सड्यूसरखाली (आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग) टांगायची. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. गोळीला बोटांचा तेलकटपणा लागला किंवा गाठीत हवा अडकली, की बुडबुडे चिकटतात आणि प्रतिध्वनी बदलतो. गोळी, गाठी आणि खालची हातभर दोरी भांडी घासायच्या पातळ साबणात बुडवून, हात न लावता तशीच पाण्यात सोडायची. आम्ही १२० किलोहर्ट्झच्या आवाजासाठी ती सात-आठ मीटरवर ठेवतो. फार जवळ आणली तर बीम, म्हणजे आवाजाचा झोत, नीट तयार झालेला नसतो.

मग दोऱ्या थोड्याथोड्या ओढत गोळी बीमच्या चारही भागांतून फिरवायची. मधेच मासा आला तर ते ठिपके काढून टाकायचे. गाळातून वर येणारे वायूचे बुडबुडे जास्त फसवतात, पण एकोग्रामवर, म्हणजे प्रतिध्वनींच्या चित्रावर, त्यांची रेघ तिरकी वर चढते, तेवढ्यावरून ओळखू येतात. शेवटी बीमचं गणिती मॉडेल आणि मोजणी यांतला सरासरी फरक ०.४ डेसिबलच्या वर गेला, तर गोळी वर काढून पुन्हा धुवायची.

तापमान मात्र त्याच वेळी, गोळीच्या खोलीपर्यंत मोजलेलं हवं. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४९७ मीटर जातो, अंटार्क्टिकाच्या शून्याजवळच्या खाऱ्या पाण्यात सुमारे १४५०. गोळीच्या प्रतिध्वनीची अपेक्षित ताकदही पाण्याप्रमाणे बदलते, त्यामुळे समुद्राचा आकडा इथे चिकटवायचा नाही.

आणि इथला गेन तिकडे नेणं तर अजिबात नाही. गार पाण्यात ट्रान्सड्यूसरचीच संवेदनशीलता बदलते. २००० साली चार देशांच्या जहाजांनी क्रिलचा एकत्र सर्व्हे केला, तेव्हा कॅलिब्रेशन दक्षिण जॉर्जियाच्या स्ट्रॉमनेस उपसागरात आणि किंग जॉर्ज बेटाच्या ॲडमिरल्टी उपसागरात झालं. क्रिल ओळखायचं ते १२० आणि ३८ किलोहर्ट्झच्या प्रतिध्वनींमधल्या फरकावरून. म्हणून तिथे प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी गोळीची फेरी वेगळी करायची. एकीचं जरी कॅलिब्रेशन सरकलं, तरी क्रिल माशांत आणि मासे क्रिलमध्ये मोजले जातात.