रिकामा रकाना

"गेल्या बॅचच्या रिपोर्टमधला ‘काय चुकलं?’ हा रकाना तुम्ही सगळ्यांनीच रिकामा का ठेवलात?" आज कॉलवर जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या मॅनेजरबाईंनी विचारलं. पुण्यात आम्ही सातजण. सातही म्यूटवर.

कॉल संपला आणि पाचव्या मिनिटाला टपरीवर सगळं बाहेर आलं. कुठला सेन्सर, कुणी घाईत पास केला, साहेबांना आधीच कसं सांगितलं होतं... दुसरं कटिंग येईपर्यंत अख्खा रिपोर्ट तयार! फक्त तोंडी.

त्यांच्याकडे चूक लिहिली की ती प्रोसेसची होते. आमच्याकडे अप्रेझलला आपली. (जपानी कंपन्यांत तर ‘होरेन्सो’ असतं: अहवाल द्या, कळवा, सल्ला घ्या. वरिष्ठाला अंधारात ठेवायचंच नाही.)

शेवटी मीही ‘लागू नाही’ लिहून पाठवलं.

पुढच्या बॅचला तोच सेन्सर आहे. तेव्हा टपरीवर आमच्यातलं कोण उरलेलं असेल?