न्हाणीचा उतार

सोमवार, रात्री

सकाळपासून ब्रेकर चालला होता, डोक्यात अजून तीच घरघर आहे. वरच्या मोठ्या खोलीला लागून असलेली न्हाणी आज फोडायला घेतली. लेक तिला 'मास्टर बाथरूम' म्हणते. सासूबाईंसाठी ती न्हाणीच. लग्न होऊन ठाण्याला नौपाड्यात आल्यापासून त्या तिथेच आंघोळ करतात.

घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं. तळमजला, वर एक मजला, जाड विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी तुळया. आजूबाजूची घरं एकेक करून टॉवर झाली. आमचंही कधीतरी होईलच, मग आत्ता खर्च कशाला, असं यांचं म्हणणं. पण खाली माजघरात छताचे पोपडे पडायला लागले आणि एका तुळईचं टोक काळं पडलं, तेव्हा हेही गप्प झाले. सुताराने त्या टोकात स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला. अर्धा इंच आत गेला, पुढे लाकूड टणक. वाचलो.

ओलीचं कारण दुपारी हाती आलं, म्हणजे शब्दशः हाती. भिंतीतून काढलेला जुना जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप बाहेरून बरा दिसत होता, पण आत गंजाचे इतके थर की करंगळी जाईना. आतला जस्ताचा थर झिजला की लोखंड गंजतं, गंज फुगत जातो आणि पाण्याची वाट अडवतो. एका सांध्याशी पाइप पार कुजला होता, तिथूनच पाणी झिरपत होतं. वर नळाला धार नाही म्हणून आम्ही दहा वर्षं गच्चीवरच्या टाकीला नावं ठेवत होतो. आता गार-गरम दोन्हीला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप.

गुरुवार

राडारोड्याच्या गोण्या जिन्यावरून उतरवता उतरवता दोन दिवस गेले. टेम्पोवाला म्हणाला, "खाडीकडे टाकून येतो, कोण बघतंय." त्याला परत पाठवला. दुसरा मिळेपर्यंत गोण्या अंगणात, जास्वंदीच्या मुळाशी.

यांचे एक इंजिनिअर मित्र येऊन गेले. मिस्त्रीला नेहमीसारखा विटांच्या तुकड्यांचा कोबा घालायचा होता. मित्राने कागदावर हिशेब मांडला: चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला पावणेदोनशे किलोच्या आसपास. आमची न्हाणी सहा बाय पाच फूट, म्हणजे अर्धा टन नुसता कोबाच. स्लॅबच्या घरात हे कुणी मोजतही नाही, पण इथे खाली लाकूड आहे. शेवटी भरावाला हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकचे तुकडे, वर पातळ थर, त्यावर वॉटरप्रूफिंग, असं ठरलं.

लेकीला चार बाय दोनची मोठी फरशी हवी होती. भिंतीला लाव म्हटलं. जमिनीला चारही बाजूंनी पाणी जाण्याच्या जाळीकडे उतार द्यायचा तर मोठी फरशी तिरकी कापावी लागते, नाहीतर कोपरे वर राहतात. खाली एक बाय एकची, खरखरीत. दुकानदाराने चकचकीत फरशीचीच आठ डिझाइनं दाखवली. ओल्या पायांनी त्यावर कोण चालणार, हे त्याने विचारलंच नाही.

रविवार

आज भांडण. तसं भांडण नाही, पण मिस्त्री फुगून बसला.

वॉटरप्रूफिंगनंतर न्हाणीत अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवलं होतं. भिंतीवर पेन्सिलीची खूण केली आणि मी दर दोन तासांनी खाली जाऊन तुळईवर हात फिरवत होते. कोरडी. पण जाळीचा बोळा काढला तेव्हा सगळं पाणी गेलं नाही, दाराशी एक डबकं राहिलं. मिस्त्री म्हणाला, "फरशी लागली की जाईल ताई."

सासूबाई दारात उभ्या होत्या. "पाणी काही तुझं ऐकायचं नाही रे," म्हणाल्या, आणि जुन्या न्हाणीत तांब्या कलंडला तर पाणी कसं पावलं न भिजवता भिंतीतल्या भोकाकडे जायचं, ते सांगायला लागल्या. मला आधी वाटलं, आठवणीत सगळंच गोड होतं. पण फोडण्याआधीचा मोबाइलवरचा फोटो उघडला, त्यात मिस्त्रीचीच पातळी बघायची दोरी ताणलेली होती. सहा फुटांत जवळजवळ दोन इंच उतार! हल्ली १०० सेंटीमीटरला १ सेंटीमीटर दिला तरी चालतं म्हणतात, म्हणजे आधीचा उतार दुपटीहून जास्त. तो कुणा गवंड्याने दिला होता, हे आता कुणालाच सांगता येत नाही. आमच्या मिस्त्रीने फोटो मोठा करून दोनदा पाहिला, काही न बोलता पाणसळ उचलली आणि दाराकडचा थर पुन्हा करायला घेतला. त्यावर वॉटरप्रूफिंगचा हातही पुन्हा. दोन दिवस वाढले.

बुधवार

काचेचं पार्टिशन रद्द. सासूबाई दगडावर बसून बादलीतून अंगावर पाणी घेतात. काचेच्या खोक्यात ना दगड मावत, ना बादली, ना पाठ चोळायला जाणारी मी. लेकीचा शॉवर समोरच्या भिंतीवर, आणि कोपऱ्यात पुन्हा तोच काळा दगड, कडा झिजलेला. बाजूला स्टीलचा दांडा, उठताना धरायला. किलोकिलोचा हिशेब करून कोबा वाचवला आणि दोघांनी हुश्शहुश्श करत चाळीस-पन्नास किलोचा दगड वर चढवला. इंजिनिअर मित्राला अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी फरशीच्या सांध्यांत भरलेलं ग्राउट वाळल्यावर सासूबाई तांब्या घेऊन आल्या. कुणाला काही विचारलं नाही, दाराशी उभ्या राहिल्या आणि पाणी ओतलं. मिस्त्री बाहेर चप्पल घालता घालता थांबला. पाणी जरा रेंगाळलं, मग वळलं, दगडाला वळसा घालून जाळीत गेलं.

"हं," म्हणाल्या, आणि तांब्या दगडावर उपडा ठेवला.

गीझर जोडायला शनिवारी माणूस येणार आहे. तोवर गरम पाणी खालूनच वर न्यायचं.